नोकरी सोडून प्रभूच्या सेवेत उतरावं का? एका तरुण जोडप्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिहिणारे बंधू बत्तीस वर्षांचे. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरी, पत्नी खाजगी दवाखान्यात नर्स. घराच्या कर्जाचे हप्ते अजून अकरा वर्षं चालायचे आहेत आणि वडिलांना मधुमेह आहे. गेले दोन हंगाम ते रविवारची उपासना झाली की मोटरसायकलवर राहुरीकडे जातात आणि ऊसतोड कामगारांच्या तळावर, कोप्यांतल्या, म्हणजे त्यांच्या झोपड्यांतल्या, मुलांना शिकवतात. आता त्यांना वाटतं की नोकरी सोडावी आणि हेच काम पूर्ण वेळ करावं, प्रभू पुरवील. सासरे म्हणतात हा बेजबाबदारपणा आहे. तरुण संघातले मित्र म्हणतात, हिशोब करत बसलास तर तो विश्वास कसला? त्यातच गेल्या वर्षी त्यांचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने पत्नीला सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडला. ते विचारतात : देवाची इच्छा ओळखायची कशी, आणि रोजच्या जगण्यात त्याच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

सलाम बंधू.

तुम्ही नोकरीचं आधी लिहिलंत आणि बाळाचं शेवटी, दोन ओळींत. मी शेवटाकडून सुरुवात करतो, कारण नोकरीचा निर्णय सहा महिने थांबू शकतो, हे थांबू शकत नाही.

तुमच्या पत्नीला जे सांगितलं गेलं ते खोटं आहे. कोणी सांगितलं, किती मोठ्या सभेत सांगितलं, यानं त्यात काही फरक पडत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभू येशूने दोन्ही पर्याय तिथल्या तिथे नाकारले. गेथशेमाने बागेत त्यानं स्वतः तीनदा प्रार्थना केली की हा दुःखाचा प्याला टळो. टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे? केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. जिनं हजारो अनाथ मुलींना आईची माया दिली, तिच्यासमोर तिची स्वतःची लेक गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या आणि त्या नऊ महिन्यांत मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या. त्यांच्या विश्वासाला कोणी माप लावावं?

मी सदतीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होतो. या काळात मी लहान पेट्या पुरल्या आहेत, एवढ्या लहान की एका माणसाने हातात धरून कबरस्तानात नेल्या. प्रत्येक वेळी आई विचारते, पाळकसाहेब, माझं काय चुकलं? मला एवढंच सांगता आलं की बाई, तुझं काही चुकलेलं नाही, आणि का झालं ते मला माहीत नाही. तुमच्या पत्नीला आज रात्री हे तुमच्या तोंडून ऐकू द्या. आणि त्यांना काही दिवस प्रार्थनेत शब्द सापडले नाहीत तर त्यांच्या वतीनं तुम्ही बोला. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडून बघा. ते अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. त्या स्तोत्रकर्त्यानं देवाशी बोलणं मात्र सोडलं नाही. तेवढा विश्वास पुरतो.

आता नोकरीकडे येऊ.

तुमच्या मित्रांनी वापरलेला शब्द मी पत्रात अधोरेखित केला आहे : उडी. विश्वासाची उडी घे. हा शब्द आपल्या सभांमधून फार ऐकू येतो. पण शास्त्रात उडी टाकायला कोण सांगतो ते आठवा. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वर त्याला आधार म्हणून एक्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवतो. म्हणजे वचन खरं, देवाचं सामर्थ्यही खरं, आणि तरी ती मागणी भुलवण्याची. प्रभूने तिला विश्वास म्हटलं नाही, देवाची परीक्षा पाहणं म्हटलं. याउलट देव माणसाला बोलावतो तेव्हा शब्द येतो तो चालण्याचा. अब्राहामाला तो सांगतो, निघ. हनोख देवाबरोबर चालला. आणि प्रभू मासे धरणाऱ्यांना म्हणतो, माझ्यामागे या. चालणाऱ्याचा एक पाय नेहमी जमिनीवर असतो.

कोणी म्हणेल, प्रभूचा शिष्य पेत्र होडीतून पाण्यावर उतरला ना? उतरला. पण आधी त्यानं विचारलं, प्रभू, आपणच असाल तर मला येण्याची आज्ञा द्या. समोरून ‘ये’ आल्यावरच त्यानं होडीबाहेर पाय टाकला. त्याच होडीत आणखी अकरा जण बसून होते आणि आज्ञा नसताना ते उतरले नाहीत म्हणून प्रभूने त्यांना बोल लावला नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी ते एका गावात, उघड्या पायाजवळ उभं राहून शिकलो. सेवेत येऊन मला चारच वर्षं झाली होती. आमची मंडळी, म्हणजे गावातले ख्रिस्ती लोक, पत्र्याच्या शेडमध्ये उपासना करायची, पावसाळ्यात बायका मुलांना पदराखाली घ्यायच्या. मी उपदेशात सांगितलं की आपण विश्वासानं पाया घालू, बाकी प्रभू बघेल. मंडळीचे एक वयस्कर पंच उठून म्हणाले, साहेब, सिमेंटचा, सळईचा हिशोब तरी मांडू. मी भर मंडळीसमोर त्यांना म्हणालो की तुम्ही संशय घेणाऱ्या थोमाच्या वाटेनं जाऊ नका. टाळ्या पडल्या. पाया घातला. दुकानदाराची उधारी झाली, लग्नात आलेल्या माझ्या पत्नीच्या पाटल्या गहाण गेल्या आणि पुढं मोडल्या. पाया तसाच उघडा राहिला, नऊ वर्षं. त्यात बाभळी उगवल्या. गावातली माणसं जाता-येता बघायची. आणि लूकच्या चौदाव्या अध्यायात, बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज करावा, नाहीतर पाया घालून पुरा करता न आल्यानं लोक हसतील, असं माझ्या प्रभूने जवळजवळ माझ्याच गोष्टीच्या शब्दांत सांगून ठेवलेलं होतं. त्या पंचांची माफी मी मागितली. ते म्हणाले, असू द्या साहेब. पण मंडळीच्या पैशाचा भरवसा परत यायला त्या नऊ वर्षांहून जास्त काळ लागला.

ज्यांचं नाव घेऊन लोक हिशोबाला हसतात त्या जॉर्ज म्युलर यांचंच बघा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८३६ साली त्यांनी अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं. १८९८ मध्ये वारले तोवर दहा हजारांहून अधिक मुलांचा सांभाळ त्यांच्या हातून झाला. त्यांनी माणसांपुढे पैशासाठी हात पसरला नाही, प्रार्थनेतच मागितलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी कर्ज काढलं नाही, उधारीवर माल घेतला नाही आणि पैसा हाती आल्याशिवाय नव्या इमारतीचं काम सुरू केलं नाही, हे व्यासपीठावरून सहसा सांगितलं जात नाही. पै-पैचा हिशोब दरवर्षी छापून लोकांसमोर ठेवायचे. प्रार्थनेनं मागणाऱ्या माणसाची वही इतकी स्वच्छ असावी लागते, कारण त्या पैशाचा देणारा कोण हे तो जाणतो.

रमाबाईंची गोष्ट तर आपल्या मातीतली आहे, आणि तुमच्या प्रश्नाला ती फार जवळून लागते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. अमेरिकेतल्या मदत मंडळानं दहा वर्षांचा शब्द दिला होता. ती मुदत संपल्यावर काय, हा विचार करून रमाबाईंनी केडगावला शेतजमीन घेतली, फळझाडं लावली, की उत्पन्नावर शाळा चालावी. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून मुली उपाशी रस्त्यावर आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आपल्या तरुणपणी दुष्काळातच आईवडील गमावलेल्या या बाईला घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. तिकडे पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले, शहरात इतक्या मुली ठेवता येईनात. ठेवायच्या कुठे? त्या केडगावच्या जमिनीवर. तिथूनच मुक्ती मिशन उभं राहिलं. ज्या जमिनीचा व्यवहार त्यांनी पुढचा विचार करून केला होता, त्याच जमिनीवर देवानं त्यांनी न ठरवलेलं काम उभं केलं. त्यांचं बेत आखणं एक आणि भरवसा ठेवणं दुसरं, असं मला तरी वेगळं काढता येत नाही.

तुमचे मित्र विमा, बचत यांनाही अविश्वास म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना निर्गम पुस्तकाचा सोळावा अध्याय नीट वाचायला सांगा. अरण्यात इस्राएल लोकांसाठी मान्ना नावाचं अन्न आकाशातून पडे. काहींनी तो सकाळपर्यंत ठेवला, त्यात किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून शब्बाथासाठी, विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवला तो तसाच ताजा राहिला. मान्ना तोच, भांडंही तेच, आणि साठवणंही तेच. फरक एवढाच की एक साठा उद्या देव देईल की नाही या भीतीनं केलेला होता आणि दुसरा त्यानं सांगितलं म्हणून. तुमच्या वडिलांच्या औषधासाठी बाजूला ठेवलेला पैसा हा दुसऱ्या प्रकारचा आहे. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलाने तीमथ्याला जे लिहिलं आहे ते फार कडक आहे, ते वाचून तुम्हीच ठरवा.

आता ज्या गोष्टीनं मी तुमचं पत्र दुसऱ्यांदा उघडलं ती. दोन पानी पत्रात तुमच्या पत्नीचं काय म्हणणं आहे, हे कुठेच नाही. सासरे काय म्हणतात ते आहे, मित्र काय म्हणतात ते आहे, तुम्हाला आतून काय वाटतं ते आहे. त्या नर्स आहेत, तुम्ही नोकरी सोडलीत तर हप्ता त्यांच्या पगारातून जाईल, रात्रपाळ्या त्या जास्त घेतील, आणि बाळ गमावलेलं शरीर घेऊन घेतील. आपण पुरुष ‘मी प्रभूवर भार टाकला’ असं म्हणतो तेव्हा तो भार पुष्कळदा घरातल्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसतो. मी हे पाटल्यांच्या वेळी केलं. माझ्या पत्नीनं पाटल्या काढून दिल्या तेव्हा ती काही बोलली नाही, आणि त्या गप्प राहण्याला मी संमती समजलो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे माझं दैवतासारखं माणूस, तरी हे म्हणतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना आधी कळवलं नव्हतं. पुढची काही वर्षं त्या माउलीनं ताटातुटीत काढली. नंतर त्या स्वतःच्या पायांनी चालत प्रभूकडे आल्या, कोणी ओढून नव्हे. घरात असलेलं नसलेलं टिळक देऊन टाकायचे आणि चूल कशी पेटायची ते लक्ष्मीबाईंना बघावं लागायचं. त्यांनी हे सगळं प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला तो १९१७ मध्ये. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, पंचावन्नाव्या वर्षी. लोक त्यांचा शेवटचा निर्णय सांगतात, मधली बावीस वर्षं सांगत नाहीत. त्या वर्षांत ते शिकवत होते, लिहीत होते, गावोगाव कीर्तनं करत होते, पगार घेऊन.

म्हणून तुमच्या पत्नीला विचारा. ‘प्रभूने मला सांगितलंय, तुला काय वाटतं?’ असं नको. असं विचारल्यावर विश्वासू बाई नाही कशी म्हणेल? ‘मला असं वाटतंय, ते प्रभूकडून आहे की माझ्याकडून हे मला अजून कळलेलं नाही, तू सांग’ असं विचारा. आणि त्या ‘आत्ता नको’ म्हणाल्या तर ते उत्तरही प्रभूकडून आलेलं असू शकतं, हे मनात धरूनच विचारा.

देवाची इच्छा ओळखायची कशी, या प्रश्नाला प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय मला सगळ्यात उपयोगी पडला आहे. पौलाला आसिया प्रांतात जायचं होतं, पवित्र आत्म्यानं अडवलं. बिथुनियाकडे निघाला, तिथंही वाट मिळाली नाही. दोन दारं बंद झाली आणि का ते सांगितलं गेलं नाही. चालत चालत तो त्रोवसला समुद्राकाठी पोचला, तिथं रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. आणि मग दहाव्या वचनात एक सुंदर गोष्ट आहे. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण त्याच्याबरोबर असलेला लूक लिहितो की ‘आम्ही’ असं अनुमान केलं की देवानं आम्हाला बोलावलं आहे. बरोबरच्या माणसांसोबत बसून, बंद दारांचा आणि दृष्टान्ताचा मेळ घालून काढलेला तो निष्कर्ष होता. शिवाय पुढं काय झालं ते बघा. फिलिप्पैत गेल्यावर दृष्टान्तातला तो पुरुष कुठंच भेटला नाही. भेटल्या त्या नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बाया, आणि त्यांतली लुदिया. त्यानंतर फटके आणि तुरुंग. म्हणजे वाट बरोबर असली तर सगळं सुरळीत होईल असंही नाही, आणि अडचण आली म्हणजे वाट चुकली असंही नाही.

बंधू, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, हे मनात उमटतं, पण ते मंडळीत पारखलं जातं. तुमच्या पाळकांना आणि दोन पंचांना एकदा तुमच्याबरोबर तळावर न्या. त्यांना काम बघू द्या. नंतर विचारा, माझ्यात तुम्हाला देवानं दिलेलं हे दान दिसतं का? मी सेवेत जाऊ लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या बायबल बाईंनी, घरोघर वचन सांगत फिरणाऱ्या सेविकेनं, मला सांगितलं होतं, बाळा, तुला बोलता छान येतं, ऐकता येत नाही, ते शीक आणि मग ये. मी रागावलो होतो. त्या बरोबर होत्या.

रोजच्या जगण्यात भरवसा ठेवायचा म्हणजे काय, हे मला धर्मशास्त्राच्या वर्गाआधी माझ्या आईनं दाखवलं. १९७२ चा दुष्काळ, मी दहा वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आणायची, आम्हा चौघांत वाटायची. भाकरीला पीठ मळण्याआधी ती एक चिमूट पीठ वेगळ्या डब्यात टाकायची. आठवड्याचं ते पीठ शनिवारी आमच्याहून गरीब असलेल्या एका म्हातारीकडे जायचं. मी एकदा भुकेनं चिडून म्हणालो, आपल्यालाच पुरत नाही. ती म्हणाली, चिमटीनं आपलं काय कमी होतंय, आणि तिच्या घरी शनिवार होतो. मोठेपणी मी मिझोरामच्या मंडळ्यांबद्दल वाचलं, की तिथल्या बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात आणि त्या मुठींवर तिथली सेवा शंभराहून अधिक वर्षं उभी आहे. तेव्हा मला आमच्या चुलीजवळचा तो डबा आठवला. आई प्रार्थना करायची ती कामावर जाताना, चालता चालता. ‘बापा, आजचं हाताला बळ दे.’ उद्याचं मागितलेलं मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ फार साधा आहे. कारखान्याच्या बसमध्ये बसलात की एक स्तोत्र वाचा, एकच, पण सावकाश. तपासणीत माल नापास असेल तर वरून कितीही दबाव येवो, नापास लिहा. पाळीवर एखाद्या कंत्राटी मुलाचा पगार कापला गेला असेल तर त्याच्या बाजूनं दोन शब्द बोला. हे सगळं करताना तुम्हाला आतून काही जाणवेलच असं नाही. तुम्ही लिहिलंय की प्रार्थना कोरडी वाटते. मलाही वाटली आहे, एकदा तर जवळजवळ दोन वर्षं. त्या काळात मी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणं सोडून दिलं आणि आपली जुनी पदं नुसती म्हणत राहिलो, पहाटे, अंगणात. दुसऱ्यांनी रचलेल्या ओळींवर मी तरलो. विहिरीला पाणी नसलं तरी रहाट चालू ठेवावा लागतो, नाहीतर पाणी येतं तेव्हा तो गंजलेला असतो.

तळावरच्या कामाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ती मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. बीडकडून, पाथर्डीकडून दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल फेडायला पहाटेपासून फडात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीत. मार्च-एप्रिलपर्यंत शाळा बुडते. तुम्ही रविवारी दोन तास शिकवता हे अनमोल आहे, पण त्यांना सोमवार ते शनिवारही शाळा हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत वयानुसार वर्गात प्रवेश मिळायला हवा. जन्माचा दाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. आईबापांना हे माहीत नसतं आणि मुख्याध्यापकांसमोर उभं राहायला ते बिचकतात. तुम्ही एक दिवस रजा टाका आणि त्यांच्याबरोबर जा. ही सेवा उपदेशाहून हलकी समजू नका. त्यांच्या मूळ गावी हंगामी वसतिगृह असेल तर पुढच्या दिवाळीआधी तिथं नाव लागतं का तेही बघा, म्हणजे मुलाला गाव सोडावंच लागणार नाही.

आणखी काही गोष्टी, ज्या मी चुकून शिकलो. मुकादमाला आणि मुलांच्या आईबापांना तुम्ही कोण, कुठल्या मंडळीचे, काय शिकवता हे स्पष्ट सांगा. त्यांना विचारल्याशिवाय एकाही मुलाला उपासनेला नेऊ नका. उपाशी माणसाला खाऊ दाखवून प्रभूचं नाव सांगणं हा प्रभूचाच अपमान आहे, त्यानं पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा आधी कोणाकडून काही कबूल करून घेतलं नव्हतं. कोणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर न लाजता सांगा. मुलांमध्ये एकट्यानं कधी बसू नका, दोन मोठी माणसं असावीत आणि त्यांतली एक बाई असावी. पाटी-पेन्सिलसाठी लोक पैसे देतील. ते तुमच्या खिशात नको, मंडळीच्या खजिनदाराकडे, पावती फाडून. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने आपल्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली आणि लिहिलं की आम्ही प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनंही जे मान्य ते करतो. प्रेषिताला साक्षीदार लागत होते तर तुम्हाआम्हाला का नकोत?

माझा सल्ला विचारलात म्हणून देतो. या हंगामात राजीनामा देऊ नका. रविवारबरोबर आठवड्यातला आणखी एक दिवस काढता येतो का बघा, पाळी बदलून किंवा रजा वापरून, पगार थोडा कमी झाला तरी. पत्नीसोबत बसून वही उघडा. हप्ता, औषधं, किराणा, सगळं लिहा आणि एका पगारात घर किती महिने चालेल ते पाहा. हप्त्यातलं मुद्दल जमेल तेवढं कमी करत आणा. तुमच्याबरोबर तळावर येणारा दुसरा माणूस तयार करा. हंगाम उठल्यावर, मे महिन्यात, तुम्ही दोघं, पाळक आणि ते दोन पंच असे एकत्र बसा आणि काय दिसलं ते मांडा. तेव्हा तुमच्या पत्नी ‘हो’ म्हणाल्या, मंडळीनं ‘हो’ म्हटलं आणि वहीही ‘हो’ म्हणत असेल, तर निघा, मी तुमच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करीन. वहीत थोडं कमी पडत असेल आणि बाकी दोघांचा होकार असेल तरीही कदाचित निघा. दुष्काळात संदेष्ट्याला जेवू घालणाऱ्या सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ संपलं नाही हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. पण पत्नीचा होकार नसेल तर बाकी दोन्ही होकार मिळाले तरी थांबा.

सासऱ्यांवर रागावू नका. लेकीचं बाळ गेलेलं त्यांनीही पाहिलं आहे, आणि त्यांचा विरोध मला तरी अविश्वासाचा वाटत नाही, काळजीचा वाटतो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा येत्या रविवारी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवा आणि तळावर घेऊन जा. एखाद्या कोपीपुढे पोतं टाकून त्यांना बसू द्या. मुलं आपापली पाटी घेऊन त्यांना दाखवायला येतील. परत येताना तुम्ही काही विचारू नका, ते बोलतील तेव्हा ऐका.